पिलांचा आडोसा



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला तेव्हा एखादी पाककृती देऊन मोकळे व्हावे, असे प्रथम मनात आले. परंतु पाककृती लिहिणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या हाताला माझ्यापेक्षा चव अधिक आहे. म्हणून गेली चार वर्षे आपले मंडळ जी बोडी सांभाळीत आहे तिच्यासंबंधी, त्यातही एका लहानशा गोष्टीसंबंधी लिहावयाचे ठरविले. ती गोष्ट म्हणजे माशांच्या पिलांचा आडोसा. आडोशाला इतिहास कसला, असे कोणी म्हणेल. मलाही तसेच वाटत होते.

आधी आपली चूक सांगते. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही, कारण ती करण्यात मीच सर्वांच्या पुढे होते. बोडी हाती आली ते वर्ष आठवा. ज्येष्ठात पाणी गुडघ्याइतके उरले होते. आपण कमरेला पदर खोचून उतरलो, काठची लव्हाळी कापली, पाण्यातल्या लांब लांब वेली ओढून काढल्या, पाणकमळाचे गड्डेसुद्धा उपटले आणि सणासुदीला अंगण सारवावे तशी बोडी लख्ख करून ठेवली. घाण काढली याचा केवढा आनंद! मग चार पैसे वाचावेत म्हणून मोठी बोटुकली न घेता लहान बीज विकत आणून सोडले. दिवाळीनंतर जाळे टाकले तेव्हा पोट फुगलेल्या मरळी तेवढ्या निघाल्या. रोहू आणि कटला मिळून दोन घमेलीही भरली नाहीत. श्रावणभर बगळे आणि पाणकावळे काठावर रांग धरून बसत होते आणि आपण त्यांना पाहून ‘किती छान दिसतात’ म्हणत होतो.

त्या दिवशी ढिवरटोलीतील आजी काठावर उभ्या होत्या. त्यांचे शब्द मी अजून विसरले नाही. “तुमी तं पिलायचं घरच उपटून टाकलं बाई. आता थे लपतीन कुठी?”

एवढ्या एका वाक्यावरून मी शोध घेऊ लागले. कोणाला विचारले, कोठे वाचले, जिल्ह्याच्या गावी प्रशिक्षणाला गेले तेव्हा तेथील शिक्षकांना प्रश्न विचारून विचारून बेजार केले. त्यातून जे कळले ते येथे मांडते.

माशांच्या पिलांना आपल्या भाषेत जी नावे आहेत ती मला फार आवडतात. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिलांना मत्स्यजिरे म्हणतात, कारण ती खरोखरच जिऱ्याएवढी असतात. इंचभर झाली की मत्स्यबीज आणि बोटाएवढी झाली की बोटुकली. ही नावे ठेवणाऱ्याने स्वयंपाकघरात बसून ठेवली असावीत, असे मला नेहमी वाटते. जिऱ्याला खाणारे कोण नाही? बेडूक आहेत, पाण्यातले किडे आहेत, चतुराची पाण्यात राहणारी अळीसुद्धा आहे. बिजाला मरळ आहे, दिवड आहे. बोटुकलीला बगळा आणि धीवर पक्षी. म्हणजे लहानाचे मोठे होईपर्यंत त्या जीवाला लपावयास जागा लागते, आणि ही जागा पूर्वी कोणाला बांधावी लागत नव्हती. ती तलावातच होती.

आपला भंडारा-गोंदिया भाग तलावांचा म्हणून प्रसिद्ध आहे. 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला, पण तलावांना त्या हद्दीचे काय! हे तलाव बहुतेक कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या आणि पुढे भोसल्यांच्या काळात बांधले. नवेगाव बांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरेने सांगतात. तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. बांध पुरा करावयास या सात बहिणी मदतीला आल्या, अशी कथा आहे. कोलू पाटील पुढे कोलासुर म्हणून पुजले गेले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर 1916 साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही कोहळ्यांच्या तलाव बांधण्याच्या हातोटीचे वर्णन आहे. सात बहिणींचे नाव निघाले की मला मंडळाची आठवण होते. असो.

हे तलाव भातासाठी बांधले, माशांसाठी नव्हे. परंतु त्यांची ठेवण अशी की एका बाजूला मातीची पाळ व तेथे खोल पाणी, आणि दुसऱ्या बाजूला जमीन हळूहळू चढत गेलेली, म्हणून पाणी उथळ. या उथळ बाजूला देवधान उगवे, म्हणजे आपोआप येणारा रानभात. त्याच्या आत लव्हाळी, त्याच्या आत पानांची तबके पसरणारी पाणकमळे, आणि अगदी आत पाण्याखाली राहणाऱ्या दोरीसारख्या वेली. पावसाळ्यात पाणी चढले की मासे याच बाजूला अंडी घालावयास येत. पिलांचे माहेर ते हेच.

मरळीचे बाळंतपण तर पाहण्यासारखे असते. नरमादी उथळ पाण्यातल्या गवतात गोल जागा मोकळी करतात, आणि अंडी तेथे पाण्यावर तरंगत राहतात. पिले निघाली की तांबूस रंगाचा एक घोळका दिसतो आणि त्याच्या खाली आईबाप पहारा करीत फिरतात. त्या पहाऱ्यावर असलेली मरळ माणसाच्या पायालाही धडक देते, असे आजी सांगतात. जी मरळ आपले रोहूचे बीज खाऊन गेली तिचेच हे वात्सल्य! तिला दोष द्यावा असे मग वाटत नाही.

तलावांचे मालक त्या काळी मालगुजार असत. मासे धरण्याचे, शिंगाडे लावण्याचे काम ढिवर करीत. मालगुजारांचे सर्वच चांगले होते असे मी म्हणणार नाही. वेठबिगारीच्या आठवणी आमच्या सासूबाईंच्या तोंडूनही ऐकल्या आहेत. परंतु तलावाची पाळ फुटली, गाळ भरला तर कोणाच्या दारात जावयाचे हे लोकांना ठाऊक होते. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. तेथील 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि 31 मार्च 1951 पासून तलाव सरकारजमा झाले. त्यांनाच आपण ‘मामा तलाव’ म्हणतो. कित्येक नव्या सुनांना हा कोणा मामाचा तलाव वाटतो. मलाही लग्न होऊन आले तेव्हा तसेच वाटले होते! तो माजी मालगुजारी या दोन शब्दांच्या पहिल्या अक्षरांचा मामा आहे. 1956 साली जिल्हा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. एवढ्या बदलांत तलावाचा गाळ मात्र जागच्या जागीच राहिला व वाढत गेला.

आता मत्स्यशेतीच्या इतिहासातील मोठी गोष्ट सांगावयास हवी. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे नदीचे. भर पावसाळ्यात वाहत्या पाण्यातच ते अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात घालीत नाहीत. म्हणून तळ्यात त्यांचे बीज दरवर्षी बाहेरून आणून सोडावे लागते. पूर्वी ते बंगालमधील नद्यांतून गोळा करीत आणि हंडी म्हणतात त्या मातीच्या मडक्यांतून आगगाडीने दूरदूर पाठवीत. वाटेत माणूस मडक्यातील पाणी हाताने हलवीत बसे, नाही तर पिले गुदमरत. तरीही किती मरत असतील ते देव जाणे. पुढे 10 जुलै 1957 रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांकडून अंडी घालवून घेतली. त्यानंतर बीज हवे तेथे तयार करता येऊ लागले. 2001 पासून 10 जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. रायबहादूर हिरालाल वेगळे आणि हे हिरालाल वेगळे. माझा स्वतःचा दोन दिवस घोटाळा झाला होता, म्हणून सांगते.

या शोधाने गरिबाच्या ताटात मासा आला, हे खरेच आहे. पण त्याबरोबर तलाव म्हणजे रोहू-कटल्याचे शेत, अशी दृष्टी आली, आणि शेतात तण कोण ठेवील? पाणवनस्पती म्हणजे तण, ते काढावे, असा उपदेश सुरू झाला. तो उपदेश खोटा नव्हता. जिरे वाढविण्याच्या छोट्या टाक्यांत वनस्पती नकोतच, कारण तेथे किडे दडतात. त्या किड्यांना मारण्यासाठी साबण व तेल एकत्र करून पाण्यावर पसरीत, म्हणजे श्वास घ्यावयास वर येणारे किडे गुदमरत. फार वनस्पती झाल्या तर त्या रात्री पाण्यातील प्राणवायू ओढून घेतात आणि पहाटे मासे तोंड वर काढून तडफडतात. तेव्हा टाकीचा नियम टाकीला बरोबर होता. तो उचलून तलावाला लावला तेथे बिघडले. आपणही तेच केले नव्हते का?

शिवाय बाहेरून नवे पाहुणे आले. 1957 साली बँकॉकहून सायप्रिनस आणला. तो तळचा चिखल उकरतो, त्यामुळे वेलींची मुळे सुटतात. 1959 साली गवत्या मासा आला. त्याचे तर नावच सांगते की तो काय खातो. माणसाच्या दृष्टीने दोघेही उपयोगी आहेत, लवकर वाढतात. मात्र दोघांनी मिळून पिलांचे छप्पर खाल्ले. उथळ काठावर बेशरम पसरली. दक्षिण अमेरिकेकडची ही झुडपे कुंपणाला म्हणून लावली गेली आणि नावाप्रमाणे वागली. तिला शेळ्याही खात नाहीत, खाल्ली तर आजारी पडतात. जेथे देवधान होते तेथे बेशरमीची फुले दिसू लागली. आडोसा गेला तो असा, हळूहळू आणि कोणाच्या लक्षात न येता.

जे आपोआप होते ते गेले म्हणजे हाताने करावे लागते. हे केवळ आपल्याकडे झाले असे नाही. प्रशिक्षणात शिक्षकांनी परदेशांची चित्रे दाखविली तेव्हा मला फार धीर आला. जावा बेटातील लोक सायप्रिनससाठी काकाबान नावाची वस्तू कित्येक पिढ्यांपासून घरी करतात. सायप्रिनसची अंडी चिकट असतात, त्यांना चिकटावयास काही तरी हवे. म्हणून ताडासारख्या एका झाडाचे काळे केसाळ धागे घेऊन, ते विंचरून, बांबूच्या दोन कामट्यांमध्ये दाबून बसवितात. झाला काकाबान. अशा अनेक पट्ट्या बांबूवर तरंगत ठेवतात आणि अंडी चिकटली की उचलून दुसऱ्या तळ्यात नेतात, म्हणजे आईबापांनीच ती खाऊ नयेत. आपल्याकडे याच कामाला पाण्यातली वेल वापरतात.

आसामच्या बिलांत, म्हणजे तिकडच्या मोठ्या तळ्यांत, आणि बांगलादेशातील नद्यांत झाडांच्या फांद्या पाण्यात रोवून वर जलपर्णी पसरतात. बांगलादेशात त्याला काठा म्हणतात. आफ्रिकेतील बेनिन देशाच्या नोकुए सरोवरात हजारो फांद्या उथळ चिखलात उभ्या करून पाण्यात जणू वाडीच उभारतात, तिचे नाव आकाजा. या फांद्यांवर काही दिवसांत बुळबुळीत शेवाळी थर चढतो आणि मासे तो खातात. म्हणजे एकाच खर्चात घरही झाले आणि चूलही झाली. रोहूला तर हा थर फार आवडतो. बांगलादेशात शास्त्रज्ञांनी तळ्यात नुसते बांबू रोवून पाहिले तर रोहूची वाढ चांगली झाली.

एक गोष्ट मात्र मला त्या चित्रांत खटकली. काठा काय किंवा आकाजा काय, शेवटी त्याला जाळ्याने वेढून, फांद्या काढून, आतील सर्व मासे धरतात. आसरा देऊन मग पकडावयाचे! लहान मोठे सर्वच त्यात सापडतात. मी हे शिक्षकांना बोलून दाखविले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “ते जाळ्याच्या भोकावर अवलंबून आहे ताई.” उत्तर बरोबर होते. पण आपल्या जुड्या आपण कधी वेढावयाच्या नाहीत, हे मी त्याच दिवशी मनाशी ठरविले.

आपल्याच जिल्ह्यात याहून मोठे काम झाले आहे. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढिवर सहकारी संस्था आणि ढिवर स्त्रियांचे गट यांना बरोबर घेऊन तलाव पुन्हा जिवंत करावयास घेतले. बेशरम मुळापासून काढली. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या भागात नांगर फिरविला आणि पावसाळ्यात ज्या तलावांत जुन्या वनस्पती शिल्लक होत्या तेथून रोपे आणून लावली. कोणती वनस्पती कोणत्या खोलीला, कोणता मासा कोणत्या वेलीत अंडी घालतो, हे ज्ञान जुन्या ढिवरांच्या तोंडी होते. आणि पाण्यात उतरून भाताची रोवणी करावी तशी वेलींची रोवणी स्त्रियांनी केली. नाहीसे झालेले स्थानिक मासे तेथे परत दिसू लागले. तण म्हणून जे उपटण्यासाठी मजुरी दिली जात होती, तेच लावण्यासाठी हात लागावेत, हा काळाचा फेरा पाहून मन थक्क होते.

आपली बोडी लहान, आपला पैसा त्याहून लहान. वेली लावल्या तरी त्या जोर धरीपर्यंत दोन पावसाळे जाणार होते. तोवर पिलांनी कोठे जावे? म्हणून आजींच्या देखरेखीखाली आपण जुड्या केल्या. ज्या भगिनी नंतर सभासद झाल्या त्यांच्यासाठी थोडे लिहिते. वाळलेल्या बांबूचे शेंडे, फांद्यांसकट, पुरुषभर लांबीचे घ्यावयाचे. मध्ये एकदाच सैल बांधावयाचे, म्हणजे दोन्ही टोके केरसुणीसारखी फुलतात. आत बोट जाईल, मूठ जाणार नाही, असे आजींचे माप. बोटुकली शिरते, मरळीला तोंड घालता येत नाही. खाली एक दगड बांधून छातीभर पाण्यात सोडावयाचे, अगदी काठाशी नव्हे, कारण तेथे बगळ्याची चोच पोचते. हिरवा पाला कधीही ठेवू नये. तो कुजला की पाणी बिघडते. पऱ्हाट्या फुकट मिळतात, पण त्यांच्यावर फवारलेले औषध असते, म्हणून आजींनी त्या परत पाठविल्या. जुन्या नायलॉन जाळ्याचे तुकडे गुंडाळावे अशी कल्पना माझीच होती. त्यात पिलांचे कल्ले अडकून ती मरतात, असे कळल्यावर ती सोडून दिली.

आणखी एक फजिती सांगितल्यावाचून राहवत नाही. बांबू कमी पडला तेव्हा आपण बेशरमीच्या काठ्या रोवल्या होत्या. फुकटच्या फुकट! पंधरा दिवसांत त्यांना पालवी फुटली. त्या पुन्हा उपटून, वाळवून, चुलीत घालावयास आपल्याला दोन रविवार लागले.

फुटके माठ आणि रांजणसुद्धा वाया गेले नाहीत. तोंड मोकळे ठेवून ते तळाशी आडवे ठेवले. मागूर आणि शिंगी त्यांत जाऊन बसतात. मागच्या उन्हाळ्यात एक माठ उचलला तर आत मागूर निघाली, आणि ज्या घरचा तो माठ होता त्या सूनबाईंनी ‘आमच्या पाहुण्या’ म्हणून तिला परत सोडावयास लावले.

दुसऱ्या वर्षी आपण बीज न आणता बोटुकली आणली, जुड्या घातल्या, आणि बोडीचा चौथा भाग वेलींसाठी राखून ठेवला. त्या वर्षीची मासळी मंडळाच्या वहीत लिहिलेली आहे, ती ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे पाहावी. सर्व श्रेय जुड्यांना देणे बरोबर नाही, बोटुकली मोठी होती हेही त्याचे कारण आहे. मरळी अजूनही आहेत आणि त्या असाव्यात. या वर्षी श्रावणात मी आणि आजी पाळीवर बसलो होतो तेव्हा तिसऱ्या जुडीपाशी पाणी थरथरले. आजींना आता नीट दिसत नाही. त्यांनी विचारले, “आले का बाहीर?” मी म्हटले, आले होते, बगळा उडाला तसे परत आत गेले.

जुन्या जुड्यांपैकी चार कुजल्या आहेत. त्या मृगापूर्वी नव्या बांधावयाच्या आहेत. ज्यांच्या घरी वाळलेले बांबू, अंबाडीचे दोर किंवा तडा गेलेला माठ असेल त्यांनी तो विकू अथवा टाकू नये, मंडळात आणून द्यावा.